टोचेशास्त्री

सदाशिव पेठेत अनंतशास्त्री वैद्यांना तोंडावर ‘शास्त्रीबुवा’ म्हणत आणि पाठीमागे ‘टोचेशास्त्री’. अंगावर चट्टा घेऊन कोणी आला की हे आधी त्याचा हात धरणार, बाभळीच्या काट्यानं टोचणार आणि तो ओरडला की समाधानानं ‘बरं’ म्हणणार. पुणेकरांना चेष्टेला एवढं पुरे. काट्यामागचं कारण विचारायची तसदी कोणी घेतली नाही, म्हणून मीच सांगतो.

सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतली गोष्ट. तेव्हा शास्त्रीबुवांचं सोवळं कडक. सोजर कोळीण दरवर्षी औषधाचा हिरडा घेऊन भीमाशंकराच्या डोंगरातून तीन दिवस पायी यायची. ती अंगणात टोपली ठेवायची, हे ओटीवरूनच माल पारखायचे. एका वर्षी ती आठ वर्षांच्या लेकीलाही घेऊन आली. तुळजी तिचं नाव. पोरीच्या हातापायांवर जाड खपल्या धरल्या होत्या आणि बोटांच्या बेचक्यांत पू झाला होता.

महारोगात कातडी बधिर होते, हे शास्त्रीबुवांना ठाऊक होतं. टोचून पाहायचं, एवढंच काम. पण टोचायचं म्हणजे शिवायचं, शिवलं की पुन्हा आंघोळ, आणि आत पानं वाढली होती. त्यांनी ओटीवरूनच विचारलं, “काय गं, दुखतं का?”

“न्हाई,” पोर म्हणाली.

“खाजतं?”

“न्हाई.” तिनं हात पाठीमागे घट्ट धरले होते.

“महारोग आहे, सोजरे. हिला वाडीबाहेर ठेव,” असं सांगून शास्त्रीबुवा जेवायला गेले. त्या जेवणाचा मला अजून राग येतो.

पुढच्या वर्षी सोजर एकटीच आली. टोपली तिनं पार दिंडी दरवाजाशीच ठेवली. तुळजीला वाडीबाहेर खोपट बांधून दिलं होतं, भाकरी दगडावर ठेवत होते. श्रावणात पोर तापानं गेली. “आन् आता मलाबी त्योच रोग झालाय, बुवा. वाडीत समद्यास्नी झालाय,” सोजर म्हणाली आणि बोलता बोलता कराकरा मनगट खाजवू लागली.

शास्त्रीबुवा ओटीच्या काठाशी आले. महारोग असा वर्षभरात सगळ्या वाडीला होत नाही, आणि असा खाजतही नाही. ते सोवळ्यासकट अंगणात उतरले, कुंपणाचा काटा मोडून घेतला, तिचा हात धरला आणि टोचलं.

“आई गं!” सोजर ओरडली.

खरूज होती. चिघळलेली, पण साधी खरूज.

शास्त्रीबुवा गंधक आणि करंजाचं तेल घेऊन तिच्यासोबत डोंगरात गेले. अकरा घरं होती. एकही माणूस सोडला तर रोग परत येणार, म्हणून त्यांनी म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत सगळ्यांना एकाच दिवशी स्वतःच्या हातांनी लेप लावला, आणि गोधड्या-लुगडी उकळून घेतली. तीन आठवड्यांत पोरांच्या अंगावर नवी कातडी आली. वाडी आनंदली.

निघताना ती त्यांना ओढ्यापर्यंत सोडायला आली. वाटेत ते रिकामं खोपट लागलं. तिथं थांबून तिनं विचारलं, “बुवा, मंग माझ्या तुळजीला काय झालं व्हतं?”

खोटं बोलणं सोपं होतं. शास्त्रीबुवा म्हणाले, “हेच, सोजरबाई. मी हात लावला नाही. नुसतं विचारलं, आणि ती नाही म्हणाली.”

सोजर खोपटाच्या दाराशी जाऊन बसली. “दुखत व्हतं तिला. रातरात रडायची. म्याच शिकवलं व्हतं वाटंनं, मोठ्या मानसाम्होरं रडू नगं, खाजवू नगं, न्हाई म्हन.”

शास्त्रीबुवा पुढं मरेपर्यंत दरसाल त्या डोंगरात जात राहिले. पण दुखतं का, असं त्यांनी पुन्हा कधी कोणाला तोंडानं विचारलं नाही.