शिरीषने लिहिलेलं कलम सात

आमच्या शिरीषने आयुष्यभर एकच अभ्यास केला: अमेरिकेतल्या राज्यांच्या घटना. तिथे माणसांचं मत कसं हिरावून घेतात, यावर इथे न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला बसून चार जाडजूड पुस्तकं लिहिली. "मतदाराला नाही म्हणायचंच नसतं, कल्याणी," जेवताना तो मला शिकवायचा, "त्याला जमणार नाही अशी वेळ द्यायची, बस्स." बायको म्हणून बावीस वर्षं ऐकलंय, पाठच झालंय मला.

आणि याच विद्वानाने आमच्या मराठी मंडळाची घटना लिहिली. हौसेने! कलम सात: मत फक्त हजर राहूनच देता येईल.

तीन वर्षांपूर्वी पोरिरुआचा, म्हणजे ट्रेनने जावं लागतं अशा शेजारच्या गावचा, शनिवारचा मराठी वर्ग बंद करून वेलिंग्टनच्या वर्गात मिसळायचा ठराव आला. तिथल्या मुलांच्या आया बहुतेक नर्सेस आणि सभा रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या ऐन ड्यूटीत. त्यांच्यातल्या विभावरीने नऊ जणींची मतं ई-मेलने पाठवली. शिरीषने चष्मा लावून कलम सात वाचलं आणि नऊच्या नऊ बाद केली. ठराव चार मतांच्या फरकाने पास. त्याचं जेवतानाचं बोलणं मला तिथेच आठवलं होतं. पण चारचौघांत नवऱ्याला कुठे तोंडघशी पाडायचं, म्हणून मी गप्प बसले. वर ठरावाच्या बाजूने हातही वर केला. ढोंगी मेला, असं त्याला म्हणावंसं वाटतं. पण मग स्वतःला काय म्हणू?

मागच्या महिन्यात तो रिटायर झाला. निरोपाच्या भाषणाची टिपणं काढता काढता थांबला. "कल्याणी, मी त्या पोरिरुआच्या बायकांचं काय करून बसलो गं?"

"तीन वर्षं लागली होय रे तुला?" मी खेकसलेच. मग ट्रेन पकडून दोघंही विभावरीकडे गेलो, माफी मागायला.

नाइट करून ती दुपारी जेमतेम झोपून उठली होती, तरी तिने चहा टाकला. "जाऊ द्या हो सर. फक्त मुलांना वर्गासाठी वेलिंग्टनला नेणं काही जमलं नाही आम्हाला."

शिरीषने बोलायला सुरुवात केली, तोच साताऱ्याहून तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. फोन तिच्या नऊ वर्षांच्या लेकीने, ऋग्वेदाने घेतला. आजी मराठीत भरभरून विचारत होत्या: शाळा, मैत्रिणी, दात पडला का. पोरगी ओशाळून हसली. "गुड, आजी. ऑल गुड," म्हणाली आणि फोन आईच्या हातात कोंबून खोलीत पळाली.

"विभा," पलीकडून आवाज आला, "मी काही चुकीचं बोलले का गं? रागावलीय का ती माझ्यावर?"

"नाही गं आई," म्हणत विभावरी फोन घेऊन बाहेर गेली. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. शिरीष चहाच्या कपात बघत होता, मी पोरगी पळाली त्या खोलीच्या दाराकडे.