बर्नादेतचा बांगडा

अर्धांगवायूने उजवा हात गेल्यावर बर्नादेत डाव्या हाताने चित्रं काढायला शिकली. कट्टा गावात अपंगांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तिने रंगवलेला बांगडा भिंतीवर लागला आणि ती सकाळपासून त्याच्याशेजारी बसून राहिली. येणारा जाणारा तिच्या लुळ्या हाताकडे बघून हळहळे, धीर देई, पुढे जाई. चित्राविषयी कुणीतरी बोलावं एवढीच तिची आस होती. दुपार कलली तशी तीही थकली.

मग मासे विकून रिकाम्या पाटीनिशी परतणारी हौसाबाई आत शिरली आणि चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली.

“गो बर्नादेत, बांगडो शिळो दिसता. डोळे बघ कशे तांबडे!”

“शिळोच होतो. तुझ्याच पाटयेतलो!”

हौसाबाई भांडायला खाली बसली. बर्नादेतने दमलेली पाठ भिंतीला टेकली आणि मनापासून भांडली.