अर्धा विडा

"ए, ती खुर्ची विद्यार्थिनींची आहे. तू तिकडं दारापाशी बस."

मुंबईतल्या एका कॉलेजचा हॉल. मी पुढच्याच रांगेत बसले होते, आयचं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. मला वाटलं, पोरीला ठाऊक नसेल. मी हसून सांगितलं, "मी पन विद्यार्थिनीच हाय. बाईंनी आनलंय मला."

ती शेजारणीकडं वळली. "ऐकलंस का? ही बीए करणार म्हणे."

दोघी हसल्या. मग मागची रांग हसली. मी उठले. दारापाशी गड्यांची सतरंजी होती, तिच्यावर जाऊन बसले.

आता या बाई कोण ते सांगते. आम्ही रेवसच्या अलीकडची आगरी माणसं. बापूस मिठागरात राबायचा. आय धवलारीण. म्हणजे आमच्या लग्नात पहिला मान हिचा. हळदीपासून वरात घरात येईपर्यंत एकेका विधीचं गाणं ती म्हणणार, त्याला धवला म्हणतात. तिनं देव बोलावल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही.

एका वर्षी, भातं कापून झाल्यावर, बाई आल्या. कॉलेजात शिकवायच्या. बरोबर पाच-सात पोरी. त्यांच्याकडं नवीन टूम निघाली होती. कुणी गणित शिको की इंग्रजी, पहिल्या वर्षी सगळ्यांनी मिळून एक विषय शिकायचाच. निरनिराळ्या लोकांचं जगणं, गाणी, रीतीभाती. बाई आमच्या ओट्यावर बसून सांगायच्या, "तुमच्याकडून आम्ही शिकायचं, आमच्याकडून तुम्ही. खरं शिक्षण ते हेच." मला ते वाक्य इतकं आवडलं, की पाण्याला जाताना मी ते घोकायची. मी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. गावात शाळा होती, पण ती पोरग्यांची.

बाई आयला म्हणाल्या, "हिला मी नेते. हॉस्टेलात राहील, माझ्या वर्गात बसेल, लिहा-वाचायला शिकेल."

आय काय सहजी गाणारी नव्हती. "मांडव न्हाय, नवरी न्हाय, धवला कुनासाठी म्हनू?" म्हणायची. पण बाईंचा शब्द ऐकला आणि तिनं आमच्या घरातली रीत केली. धवला शिकायला येणारीनं पानाचा विडा आणायचा. शिकवणारीनं तो दातानं तोडायचा, अर्धा आपण खायचा, अर्धा तिला द्यायचा. मग माझं ते तुझं, तुझं ते माझं. पुढं शब्द फिरवायचा नाही. आयनं विडा तोडला. ही मोठ्या घरची बाई, आमच्या घरचं पाणी तरी घेईल का अशी आम्हाला शंका, तिनं तो उष्टा अर्धा हसत हसत खाल्ला. आयचे डोळे भरून आले. मागच्या दारी नेऊन मला म्हणाली, "गो, आता तू तिची पन लेक झालीस."

ही चूक आम्हीच करू जाणो. विडा खाल्ला म्हणजे शब्द दिला, असं दुसरं कोण धरून चालेल?

मग दुपारच्या दुपारी आय गात बसली, आणि पोरी लिहून घेत बसल्या. नंतर मी त्यांच्याबरोबर बोटीनं मुंबईला गेले. हॉस्टेलात मला स्वयंपाकिणीच्या खोलीत जागा दिली. वर्गाचं विचारलं की बाई म्हणायच्या, "आधी संमेलन होऊ दे."

ते संमेलन हेच. बाई मला घ्यायला दारापाशी आल्या तेव्हा मी परत विचारलं, "बाई, वर्गात कवापासून बसू?"

त्यांना खरंच नवल वाटलं. "वर्गात? अगं, तुला काय शिकवायचं? तुझ्याजवळ आहे ते अस्सल आहे. चार बुकं शिकलीस तर गळ्यातलं सगळं बिघडेल. चल, आपली पाळी आली."

"तुमी आयला शबूद दिलाय."

"ते बघू नंतर."

त्यांच्या आवाजात माया होती हो. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्याला अडाणी ठेवायचं, आणि तेही लाडानं.

स्टेजवर नेऊन मला उभं केलं. बाईंनी खाली बसलेल्यांना मिठागर सांगितलं, हळद सांगितली, धवला सांगितला. मग म्हणाल्या, "आणि गंमत म्हणजे, यासाठी मला हिच्या आईचा उष्टा विडा खावा लागला. काय करता, विद्येसाठी सगळंच गिळावं लागतं."

हॉल खदखदून हसला. बाईही हसल्या. आयचे डोळे ज्या विड्यापायी भरले, त्यावर.

"हं, म्हण आता," बाई म्हणाल्या.

मला सगळे धवले तोंडपाठ होते.

"न्हाय म्हननार."

"अगं, एवढी माणसं बसलीत."

"बसू द्या. माझी आय जिला धवला देते ती आमची व्हते. तुमी न्हाय झालात. लिवून आनलंय ना, तुमीच म्हना."

"केवढी ही मिजास," पुढच्या रांगेतून आवाज आला. मी खाली उतरले. दारापाशी नाही बसले. खुर्च्यांच्या मधून, सगळ्यांच्या समोरून, बाहेर.

घरी आले तेव्हा आय भात कांडत होती. मी सांगितलं. मुसळ थांबलं.

"विडा खाऊन?" एवढंच म्हणाली. परत विचारलं, "खाऊन?"

मी तिच्या हातातलं मुसळ घेऊन उरलेलं भात कांडलं. त्या दिवशी ठरवलं, अक्षर कुणाकडं मागायचं नाही, घ्यायचं. भावाच्या पाटीवरून घेतलं. मिठाच्या गोणींवरून, बोटीवर रंगवलेल्या नावावरून घेतलं. मग गावातल्या पोरी ओट्यावर बसवून त्यांना दिलं. गळा काही बिघडला नाही. धवला अजून म्हणते, मांडवात.

हल्ली परत कॉलेजातली माणसं येतात. आजी, तुमची संस्कृती जपायची आहे, म्हणतात. गोड बोलतात. मी बसवते, चहा देते आणि विचारते, तुमच्या वर्गात मिठागरातली कुठली पोरगी शिकते, नाव सांगा तिचं. नाव सांगितलं तर पुढं बोलू. नाहीतर उठा, बोट चुकेल तुमची.