पोत्यांची अदलाबदल

आमच्या घरात पाच आठवडे शेळ्यांचा वास होता. घर कसबा पेठेत, तळमजल्यावर; दोन खोल्या आणि मागे बोअरच्या पंपापुरती मोकळी जागा. शेळी एकही नव्हती. होते एक पोते आणि त्यावर झोपणारा बावन्न किलोंचा कुत्रा.

निवृत्तीनंतर मी मोठ्या कुत्र्यांना घरे शोधून देतो. मोठी म्हणजे राखणीची. थंड डोंगराळ मुलखातले मेंढपाळ ज्यांना कळपासोबत ठेवतात त्या जातींची. पिल्लू असताना ती कापसाच्या अस्वलासारखी दिसतात, म्हणून शहरातले लोक हौसेने आणतात. वर्षभरात अस्वल मालकाच्या कमरेला लागते, रात्रभर भुंकते, आणि मग मला फोन येतो. नोकरीत मी कारखान्याच्या तपासणी विभागात होतो. चौतीस वर्षे माल पास करणे किंवा नापास करणे, एवढेच काम केले. कुत्र्यांच्या बाबतीतही माझी पद्धत तीच आहे. घेणाऱ्याचे घर स्वतः जाऊन पाहतो आणि तेरा प्रश्न विचारतो. बहुतेक नापास होतात.

हा कुत्रा वारज्यातून आला. त्याचा मालक तिशीतला, संगणकाच्या कंपनीत नोकरी करणारा. परदेशी बदली झाली होती. घर अकराव्या मजल्यावर.

“अंकल, ॲक्च्युअली ही इज व्हेरी फ्रेंडली,” तो म्हणाला. “फक्त लिफ्ट उघडली की बार्क करतो.”

“दिवसातून किती वेळा उघडते?”

“टॉवर आहे ना अंकल. ऑल डे.”

तीन वर्षे त्या प्राण्याने लिफ्टची राखण केली होती. मी त्याला घेऊन निघालो तेव्हा मालक जिन्यात बसून रडला. मी थोडा वेळ थांबलो. त्याने फोन केला याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. सगळेच करत नाहीत. काही जण गाडी घाटापर्यंत नेतात, दार उघडतात आणि एकटेच परत येतात.

जागा माझ्या मनात तयार होती. वारज्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला, पन्नाशीची एक बाई शेळ्या राखते. बावीस शेळ्या, त्यांची करडे, भोवती तारेची जाळी. तिला कुत्रा हवा होता. माझ्या बारा प्रश्नांची उत्तरे तिने सरळ दिली. तेरावा प्रश्न होता, याआधी मोठा कुत्रा पाळला आहे का.

“व्हता,” ती म्हणाली. “बिबट्यानं न्हेला.”

मी तिला पास केले. घर तपासले, कुत्रा तपासला नाही. पूर्वजांनी शतकानुशतके कळप राखले, तेव्हा हा राखीलच, असे धरून चाललो. खोक्यावरचे लेबल वाचून माल पास करणे ते हेच. याच चुकीसाठी मी हाताखालच्या माणसांना मान खाली घालायला लावलेली आहे.

आमच्या गल्लीतल्या एका टेम्पोवाल्याने आम्हाला तिकडे पोहोचवले. जाळीचे दार उघडून मी पट्टा सोडला. कुत्र्याने आयुष्यात शेळी पाहिली नव्हती. बावीस लिफ्ट एकदम उघडाव्यात तसे त्याला झाले. तो भुंकत धावला. शेळ्या एका कोपऱ्यात चेंगरल्या आणि त्यांच्या पायांखाली एका करडाचा पुढचा पाय मोडला.

मी कुत्र्याला ओढून बाहेर बांधले. बाईने आधी करडू उचलले. बांबूच्या कामट्या काढल्या, जुन्या लुगड्याची पट्टी फाडली. करडू मी धरले, पाय तिने बांधला.

“मी त्याला परत नेतो,” मी म्हणालो. “चूक माझी आहे.”

“तुमचीच हाय,” ती म्हणाली. “त्यानं शेळी बगितली व्हती का कदी?”

“नाही.”

“मंग त्यो काय करनार? मला इमानात बसवलं तर मीबी वरडंन.”

तिने आत जाऊन शेळ्यांच्या बसायच्या जागेवरचे एक पोते ओढून आणले आणि माझ्या हातात दिले. “हे न्या, बाबा. ह्याच्यावर निजू द्या त्याला. आन त्यो ज्याच्यावर निजतो त्यातलं एक मला आना. दर आठ दिसांनी बदलायचं. आदी वासाची वळख व्हऊ द्या, मंग तोंडाची.”

“आणि एवढे करूनही जमले नाही तर?”

“तर न्हाई जमलं.”

जमले नाही तर काय, हे मला माहीत होते. दुसरी जागा एकच होती. शहराबाहेर भंगाराचे गोदाम असलेल्या एका गृहस्थांचे मला दोन फोन येऊन गेले होते. त्यांना फाटकापाशी साखळीला बांधायला दणकट जनावर हवे होते. साखळी किती लांब असेल, असे मी विचारले. तीन फूट, असे उत्तर मिळाले. मी नाही म्हणालो होतो. पण आमच्या इमारतीत असा कुत्रा कायमचा ठेवता येणार नव्हता, आणि माझ्या वयाच्या माणसाने बावन्न किलोंना कायमचा शब्द देऊ नये.

पहिल्या पोत्याचे मी काय केले ते सांगणे भाग आहे. मी ते धुतले. त्यात गोचिड्या असतील असे वाटले. गरम पाणी, साबण, वर जंतुनाशक. वाळवून, चौकोनी घडी घालून कुत्र्याखाली अंथरले. आठ दिवसांनी तसेच घडी घालून बाईकडे घेऊन गेलो. तिने ते नाकाशी धरले आणि हसत खालीच बसली.

“धुतलं? आवो बाबा, आता त्यो साबनाची राखन करंल.”

आठ दिवस वाया गेले. पुन्हा पहिल्यापासून.

दुसरे पोते न धुता आले. मनपाच्या बसमध्ये कंडक्टरने विचारले, “काका, पोत्यात काय आहे?”

“वास.”

“त्याला तिकीट नाही. पण मागं उभे राहा.”

घरी आल्यावर पत्नीने खिडक्या उघडल्या. “माझ्या वडिलांनी मुलगा कारखान्यात आहे म्हणून मला दिली,” ती म्हणाली. “गोठा आहे हे कोणी बोललं नव्हतं.” असे म्हणाली, पण पोते मोरीजवळ ठेवलेले तिनेच उचलून पंख्याखाली कुत्र्याच्या नेहमीच्या जागी अंथरले. पुढच्या पाच आठवड्यांत घरी एकही पाहुणा आला नाही. तिच्या भिशीच्या बायकाही दुसरीकडे जमल्या. याबद्दल तिने मला एकदाही ऐकवले नाही. बाकी सर्व गोष्टींबद्दल ऐकवले.

टेम्पोवाला एकदा दारावरून जाताना थांबला. त्याचे घराणे तीन पिढ्या आमच्याच गल्लीतले. “काका, ईदच्या आधी हा वास माझ्या घरी यायला पाहिजे,” तो म्हणाला. “तुमच्याकडं कसा काय?” मी सांगितले. तो ऐकून घेऊन म्हणाला, “पुन्हा न्यायचा असेल तेव्हा मला सांगा. दुसऱ्या कोणाला बोलवाल तर बोलणार नाही तुमच्याशी.”

इमारतीचे सेक्रेटरी वरच्या मजल्यावर राहतात. ते तिसऱ्या आठवड्यात आले. कुत्र्याने त्यांचा हात हुंगला आणि वाट दिली. हातातली वही टेबलावर ठेवून ते खुर्चीवर टेकले.

“आपल्याकडे शेळी आहे असं समजलं.”

“पोतं आहे.”

“ते ओरडत नाही, एवढंच समाधान. महिनाअखेरपर्यंत दोन्ही जायला हवं. लोक मला विचारतात.”

“जाईल.”

जाताना त्यांनी टेबलावरून त्यांची वही उचलली. कुत्रा उठला आणि दारात आडवा उभा राहिला. गुरगुरला नाही. नुसता उभा राहिला.

“याला सांगा, मी निघालोय.”

“त्याला मराठी समजतं. आपणच सांगा.”

“अहो, वही माझी आहे.”

“ते त्याला माहीत नाही. घरात आली ती वस्तू घरातली.”

मी पट्टा धरायला उठलो, पण त्याआधी पत्नीने चहा टाकला होता. सेक्रेटरी पाऊण तास बसले. जाताना वही माझ्या हातून घेतली, तेव्हा कुत्र्याने वाट दिली. दारात ते म्हणाले, “आठ दिवस इकडेतिकडे झाले तरी मी बोलणार नाही. पण मी असं म्हणालो हे कोणाला सांगू नका.” मी आजवर सांगितले नव्हते. त्या आठ दिवसांची आम्हाला गरज पडली.

मला त्या पाऊण तासाने धीर दिला. आत आलेले बाहेर जाऊ द्यायचे नाही, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. म्हणजे लेबल अगदीच खोटे नव्हते. फक्त काय राखायचे ते त्यावर लिहिलेले नव्हते.

पाचव्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. नवे पोते आणले की कुत्रा पूर्वी ते पंजाने ढकलून फरशीवर झोपत असे. त्या दिवशी त्याने ते पूर्ण हुंगले, तीन वेळा गोल फिरला आणि त्यावर हनुवटी टेकली. मी बाईला फोन केला.

“माझ्याकडंबी तसंच,” ती म्हणाली. “तुमचं पोतं टाकलं की आदी शेळ्या लांब पळायच्या. आज म्हातारी शेळी त्याच्यावर रवंथ करीत बसलीया. आना त्याला.”

दुसऱ्या खेपेस कुत्रा दिवसभर जाळीच्या बाहेर बांधलेला होता. संध्याकाळी बाईने त्याला दोरीवर आत घेतले. मी बाहेर थांबलो, कारण तिने तसे सांगितले. तो भुंकला नाही. हुंगले, मान बाजूला वळवली आणि खाली बसला. कळपातली म्हातारी शेळी पुढे आली. तिचे एक शिंग तुटलेले आहे. उरलेले तिने त्याच्या बरगडीत घातले. तो उठला, चार हात सरकला आणि पुन्हा बसला.

“शिकला,” बाई म्हणाली. “पर मी अजून व्हय म्हनलं न्हाई. म्हैनाभर बगंन. न्हाई पटलं तर फोन करंन.”

मी परतलो. घर आमचे पुन्हा आमच्यासारखे झाले. फिनाईलचा वास आला. पत्नी म्हणाली, “फार मोकळं वाटतंय,” आणि स्वयंपाकघरात गेली. मी रोज फोन खिशात ठेवून फिरत होतो. एरवी तो कपाटावर असतो.

फोन अठराव्या दिवशी सकाळी आला. “बाबा, आजच्या आज या,” ती म्हणाली आणि ठेवला.

मी पट्टा घेतला. साखळीही घेतली. टेम्पोवाल्याला विचारून ठेवले की संध्याकाळी मोकळा आहे का. गोदामाच्या गृहस्थांचा नंबर पाहून ठेवला. तो मी अजून पुसला नव्हता, हे मला त्या वेळी कळले. बसमध्ये बसायला जागा होती, तरी मी उभाच होतो.

पोहोचलो तेव्हा शेळ्या चरायला सुटलेल्या होत्या. पाय बांधलेले करडू थोडे लंगडत, पण सगळ्यांच्या पुढे होते. जाळीत एकच शेळी उरली होती, तीच म्हातारी. ती पहाटे व्याली होती. तिच्या पोटाशी दोन करडे होती. एक कोरडे झाले होते. दुसऱ्याला कुत्रा चाटत होता, कपाळापासून शेपटीपर्यंत, घाई न करता. म्हातारी पाहत होती. तिचे शिंग त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर होते आणि ती ते वापरत नव्हती.

कुत्र्याने मला पाहिले. शेपूट दोनदा आपटली. उठला नाही.

“हे कशापायी?” बाईने माझ्या हातातली साखळी पाहून विचारले.

मी ती पिशवीत ठेवली. “तुम्ही फोनवर काही सांगितले नाही.”

“फोनवर काय सांगू? येऊन बगायची गोष्ट हाय.” ती झोपडीत गेली. “पहाटं मला जाग आली तवा ह्यो तिच्या अंगाला अंग लावून बसलेला. वरच्या अंगाला काय तरी हिंडत व्हतं. कुत्रं का बिबट्या, दिसलं न्हाई. ह्यो तिकडं तोंड करून एकदाच भुकला. मंग आला आन परत बसला.”

करडांचे पोट भरल्यावर उरलेला चीक तिने काढून शिजवला होता. गूळ, वेलदोडा. घरात शेळी व्याली की घरच्या माणसांना त्यातला वाटा द्यायचा, असा तिच्याकडे रिवाज आहे. बाहेरच्याला देत नाहीत. तिने तीन ताटल्या काढल्या. गूळ न घातलेली एक जाळीत नेऊन कुत्र्यापुढे ठेवली. त्याने आधी म्हातारीकडे पाहिले, मग खाल्ले. दुसरी ताटली तिने माझ्यापुढे केली.

मी शेळीचे दूध कधी प्यालेलो नाही. ताटली दोन्ही हातांनी घेतली. तिला सांगायचे पुष्कळ होते. करडाच्या पायाबद्दल, त्या दिवशी तिने मला हाकलून दिले असते तरी मी काही म्हणू शकलो नसतो, याबद्दल, माझ्या हातून झालेली चूक तिने पाच आठवडे पोत्यांनी निस्तरली, याबद्दल. नोकरीची चौतीस वर्षे मी लोकांना त्यांच्या चुका मोजून दाखवल्या. कोणाची चूक अशी शांतपणे दुरुस्त करून दिल्याचे मला आठवत नाही.

“मी आपला आभारी आहे,” मी म्हणालो.

“खावा,” ती म्हणाली. “गार हुतंय.”