शाळेच्या व्हरांड्यातली शिलाई मशीन

धरणाचे दरवाजे उघडले आणि गोदावरी नांदेडच्या नदीकाठच्या वस्तीत शिरली, त्या वर्षी मी तिथल्या एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते. क्लासला सुट्टी दिली होती. वस्तीतल्या माणसांना जवळच्या सरकारी शाळेत हलवलं होतं, म्हणून आम्ही काही शिक्षक तिथे मदतीला जाऊ लागलो. माझ्याकडे कपडेवाटप आलं.

कपड्यांचा ढीग मोठा होता. बराचसा आमच्याच विद्यार्थिनींच्या हॉस्टेलांतून आलेला. मुलींनी मनापासून दिलं, पण जे जवळ होतं तेच दिलं. जीन्स, टॉप, बारीक मापाचे कुर्ते, ओढण्या. वस्तीतल्या बाया रांगेत येत, एखादा कपडा अंगाला लावून बघत आणि परत ठेवत. अंगावरच्या ओल्या साडीनिशीच वर्गात जाऊन बसत. आमच्यातले एक सर वैतागले. फुकट मिळतंय तरी यांना पसंती पाहिजे, म्हणाले.

मी परत ठेवलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिले. भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आमचं गाव किल्लारीच्या जवळचं. पत्र्याच्या शेडसमोर कपड्यांचा ट्रक उभा राहिला आणि मला झालरींचा चमकदार फ्रॉक मिळाला. धाकटा भाऊ जाऊन आठ दिवसही झाले नव्हते. नऊवारी नेसणाऱ्या माझ्या आईच्या हातात कुणीतरी गाऊन ठेवला. दुसरं काहीच नव्हतं म्हणून तिने तो घातला, आणि मग कितीतरी दिवस ती शेडच्या बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी रांगेत साठीच्या एक बाई आल्या. सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. वस्तीत त्या शिवणकाम करायच्या, एकट्याच राहायच्या. त्यांनी एक टॉप उचलला, उलटा केला आणि आतली शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहिली.

"मॅडम, कापड लई चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "माझी मशीन आणून द्या. मी सगळ्यांच्या अंगाचं करून देते."

मशीन त्यांच्या घरात, पाण्यात होती. खालांच्या शेजारचा रिक्षावाला लगेच उठला. त्याची बायको तीन आठवड्यांची बाळंतीण, तिथेच वर्गाच्या कोपऱ्यात तान्ह्या मुलीला ओढणीत गुंडाळून बसली होती. ढिगात बाळाच्या मापाचं काहीच आलं नव्हतं. तो आणि आमचे ते वैतागलेले सर, दोघं कमरेएवढ्या पाण्यातून गेले. तासाभराने सर मशीनचा वरचा भाग छातीशी धरून आले, मागून रिक्षावाला लोखंडी पाय घेऊन.

खालांनी मशीन खोलली, रॉकेलने धुतली, उन्हात ठेवली, जागोजागी तेल सोडलं. चाक हलेना. त्या हात ठेवून बसून राहिल्या, थोडं पुढे, थोडं मागे करत. दुपारी चाक फिरलं तेव्हा वर्गातल्या बाया एकेक करून व्हरांड्यात आल्या.

पहिलं झबलं त्या तान्ह्या मुलीचं झालं. मग ओढण्यांचे परकर, कुर्त्यांची पोलकी, पोरांसाठी जीन्सच्या चड्ड्या. मला खालांनी शिवणी उसवायला बसवलं. काय शिकवता, विचारलं. पोरांना डॉक्टर व्हायला तयार करते, मी म्हणाले. त्यांनी माझ्या हातून उसवताना फाटलेलं कापड पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "मग बरं झालं, तुम्ही स्वतः झाल्या न्हाईत."

उसवता उसवता मी त्यांना आईच्या गाऊनची गोष्ट सांगितली. कुणालाच कधी सांगितली नव्हती. त्यांनी पाय थांबवला.

"कितव्या दिवशी बाहेर आल्या त्या?"

मला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, उदगीरहून मावशी लुगडं घेऊन आली त्या दिवशी. "तुला ध्यानात हाय व्हय ते?" एवढंच तिने विचारलं, आणि पहिल्यांदाच भावाबद्दल बोलली. त्याला कशाची भीती वाटायची, काय खायला आवडायचं. मी शाळेच्या पायरीवर बसून ऐकत राहिले.

आठवड्याने पाणी ओसरलं आणि लोक घरी परतले. खालांची मागची भिंत खचली होती. ती उभी राहीपर्यंत रिक्षावाल्याने त्यांना आपल्या एका खोलीच्या घरात ठेवून घेतलं. सरांनी दोऱ्याच्या रिळांचा खोका नेऊन दिला, आणि तो नेताना मला चुकवून गेले.

महिन्याभराने मी ब्लाऊज शिवायला टाकायचं निमित्त करून खालांकडे गेले. दोन्ही घरांचा स्वयंपाक एकाच चुलीवर चालला होता. खालांनी माझं माप घेतलं, खांदे फार आवळून धरता म्हणाल्या, आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही.