नैवाशा आणि मातृछाया

आमच्या डॅलसजवळच्या फ्रिस्कोत कुणी केनियाच्या सफारीवरून परतलं, की पुढचे सहा महिने मी त्या घरचं जेवणाचं आमंत्रण टाळतो. सिंहाचे चारशे फोटो बघावे लागतात आणि त्यातल्या साडेतीनशेंत सिंह झोपलेला असतो. वर यजमानाला पृथ्वीवरचं जीवन कसं आहे ते नव्याने कळलेलं असतं, तेही ऐकून घ्यावं लागतं. केनियाहून परतलेल्या एका मित्राला मात्र टाळता आलं नाही. एक तर त्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती, आणि दुसरं म्हणजे त्या शनिवारी मला माझ्या घरातून बाहेर पडायचंच होतं.

पुण्यात आईची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आहे. महिनाअखेर जागा रिकामी करून द्यायची होती. बहिणीकडे दोन खोल्यांत सासू-सासरे धरून सहा माणसं. तिने गावाबाहेर एक सीनियर लिव्हिंग बघून ठेवलं होतं, पण आधी मला विचारलं. "आईला तू नेतोस का? व्हिसा आहे तिचा. रविवारी सकाळी मला तिथे कळवायचंय, त्याच्या आत सांग." मी "बघतो" म्हटलं. चार दिवस मी तेच म्हणत होतो. नवरा-बायको दोघं दिवसभर ऑफिसात, इथे गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही, ती एकटी कंटाळेल, इन्शुरन्सचं काय. अशी कारणं मला झोपेतसुद्धा सुचतात.

तर मित्राचं घर. पाच बेडरूम, तीन गाड्यांचं गॅरेज, आणि दाराशेजारी काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत 'नैवाशा'. त्या नावाचं तळं केनियात आहे. याने ते एकदा, बोटीतून, तासभर पाहिलं होतं. पूजा आटोपल्यावर त्याने कॅरिओकेचा माइक हातात घेतला.

"निवास अधिक आशा!" तो म्हणाला. "म्हणजे बघ यार, आपलं संस्कृत कुठपर्यंत पोचलं होतं! मला तर तिथे उभं राहिल्यावर फीलच झालं."

चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत दोन डॉक्टर होते आणि एक प्राध्यापक. प्रत्येक नावाखाली संस्कृत उकरून काढणारी ही जमात मी पुण्यात असल्यापासून ओळखतो. यांना चंद्रावर नेऊन सोडलं, तरी तिथल्या खड्ड्याला हे धातू आणि प्रत्यय चिकटवतील.

मी सोबत माझ्या टीममधल्या एका सहकाऱ्याला नेलं होतं. तो मासाई, केनियातल्या काजियाडोच्या बाजूला वाढलेला, गेली दहा वर्षं डॅलसमध्ये डेटाबेस सांभाळतो. त्याला आपलं जेवण आवडतं म्हणून नेलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण इतकं सज्जन नव्हतं. मित्राने मला घराचं नाव आधीच कळवलं होतं.

"अरे वा, हा तर ऑथेंटिक माणूस!" म्हणत मित्राने माइक त्याच्या तोंडाशी नेला. सहकाऱ्याच्या हातात श्रीखंड-पुरीची ताटली होती. ती त्याने नीट खाली ठेवली.

"आमच्या भाषेत ते खवळणारं पाणी," तो इंग्रजीत, अगदी सौम्यपणे म्हणाला. "दुपारी वारा सुटतो आणि तळं उसळायला लागतं. त्याच्या आत बोटी परत आणाव्यात."

"म्हणजे पीसफुल नाही?"

"सकाळी असतं."

मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं. मग लोक एकेक नाव विचारत सुटले. नैरोबी म्हणजे गार पाणी. नाकुरू म्हणजे धूळ. अंबोसेली म्हणजे खारट धूळ. एल्डोरेट म्हणजे दगडगोट्यांची नदी. मान्याराचं नाव ज्या झुडपाचं गुरांभोवती कुंपण करतात त्यावरून. काही नावांवर मासाईंतही वाद आहेत, हेही त्याने सांगून टाकलं. आमच्या प्राध्यापकाला असलं वाक्य जन्मात बोलता आलं नसतं.

"एकही नाव देवाचं नाही का हो?" एका काकूंनी विचारलं.

"देवाचा डोंगर आहे ना. त्यातून आग निघते." तो हसला. "बाकी कसं आहे, गुरं घेऊन येणाऱ्याला पुढे काय आहे ते कळायला हवं. पाणी आहे म्हणून सांगितलं आणि तिथे पोचल्यावर धूळ निघाली, तर गुरं मरतात."

मित्राने घाईघाईने आइस्क्रीमची घोषणा केली.

परतताना गाडीत मी एकटाच बोलत होतो. ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, टाळ्या, कुणालाच सोडलं नाही. सहकाऱ्याला तिथलं लोणचं आवडलं होतं, म्हणून म्हटलं, माझ्या घरी थांबू, तुला एक बाटली देतो.

माझ्या दारावर सागवानी पाटी आहे, पुण्याहून कोरून आणलेली. 'मातृछाया'. त्याने अर्थ विचारला आणि मी तो मोठ्या ऐटीत सांगितला. आईची सावली. ते ऐकल्याबरोबर त्याने पायपुसण्यावर बूट पुसले, शर्टाची कॉलर सारखी केली, आणि तो ताठ उभा राहिला.

"आधी त्यांना भेटतो," तो म्हणाला. "कुठल्या खोलीत असतात?"

मला क्षणभर कळेचना तो कुणाबद्दल बोलतोय.

"पुण्यात," मी म्हणालो. "म्हणजे, ती पुण्यात राहते."

"अच्छा. मग इकडे कधी येणार?"

मी लोणचं शोधायला आत गेलो. तो मागोमाग आला. स्वयंपाकघराकडे जाताना खालची बेडरूम लागते. घर घेताना आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं की खालची खोली आईसाठी, तिला जिने नकोत. ती एकदा येऊन त्या खोलीत सहा महिने राहिली, पाटीला तिनेच हळदकुंकू लावलं. आता तिथे ट्रेडमिल आहे आणि भिंतभर टीव्ही. दार उघडंच होतं. त्याने आत पाहिलं. बाटली घेतली, आभार मानले, गेला. त्याने एखादा टोमणा मारला असता तर मी चोख उत्तर दिलं असतं. त्यात मी कुणाला हार जात नाही.

संध्याकाळी सात वाजता, म्हणजे पुण्यात रविवार उजाडला होता तेव्हा, मी आईला फोन केला. "ये" म्हणायलाच केला होता. निदान मी स्वतःला तसं सांगतो.

"अरे, मी कालच जाऊन खोली बघून आले," माझं तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली. "छान उजेड आहे. तू उगीच जिवाला घोर लावून घेऊ नकोस, तुम्हा दोघांच्या नोकऱ्या असतात."

मला सुटल्यासारखं वाटलं. अजून लाज वाटते, पण पहिल्यांदा सुटल्यासारखंच वाटलं.

"दारावर पाटी काय लावायची म्हणून विचारत होते तिथले," ती पुढे म्हणाली. "मी म्हटलं, नंबर आहे तेवढा पुरे. माझी पाटी माझ्या मुलाच्या दारावर आहे."

आईला टोमणे मारता येत नाहीत. ते मला येतात. ती अगदी मनापासून, कौतुकाने बोलत होती.

मी "बरं" म्हणालो.