सतरावा मुद्दा

दत्तोपंतांकडे मी पहिल्यांदा गेले ती भांडायलाच. कॉम्प्युटर इंटरनेटला वायरने जोडायचा, वायफायने की सिमकार्डाने, हे ठरवणारं आमचं सॉफ्टवेअर. फुकट आणि सगळ्यांना खुलं. जगभरची माणसं मिळून ते लिहितात. मला त्याचा पगार मिळतो. दत्तोपंत रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, ते हौसेने करतात. माझ्या कामात त्यांनी अकरा चुका काढल्या. म्हातारा माझ्याच वस्तीत, अण्णा नगरात, राहतो असं कळल्यावर गेले तावातावाने. अकराच्या अकरा खऱ्या निघाल्या. गुपचूप कॉफी पिऊन परत आले.

घराणं तंजावरचं. त्यांची मराठी मला सुरुवातीला निम्मीच कळायची, आणि माझी साताऱ्याची ऐकून ते म्हणायचे, "केवढी धांवते गे तुझी भाषा!" माणूस नेटका, इतका की चीड यावी. सॉफ्टवेअर जे आपण होऊन करतं ते सेटिंगच्या फाइलमध्ये पुन्हा लिहायचं नाही, हा त्यांचा हट्ट. "आपण होऊन होतें तें कशाला लिहावें, मा?" त्यांची फाइल जवळजवळ कोरी असायची, आणि त्याचा केवढा तो अभिमान!

आमच्या शहराबाहेर कोवलमच्या किनाऱ्यावर कोळ्यांसाठी त्यांनी आमच्याच सॉफ्टवेअरवर चालणारा एक बोर्ड बसवून दिला होता. समुद्राचे इशारे इंटरनेटवरून घ्यायचे आणि तमिळमध्ये दाखवायचे. वायर गेली तर सिमकार्डावर जायचं, तेही मेलं तर वरचा हिरवा दिवा विझवून लाल लावायचा. बिघडलेला सिग्नल लालच झाला पाहिजे, हा रेल्वेचा धडा. दोन वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. होड्या त्याच्या शब्दावर निघायच्या.

मार्चमध्ये पुढच्या आवृत्तीत काय काय करायचं त्याची यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं. चाळीस मुद्दे. सतरावा माझा लाडका. इंटरनेट खरंच चालू आहे का हे बघायला आमचं सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी एका सर्व्हरला हाक मारतं. लोक वैतागले होते, आमच्यावर ही पाळत कशाला? मी लिहिलं, ही तपासणी यापुढे आपोआप होणार नाही. ज्याला हवी त्याने फाइलमध्ये लिहून चालू करावी. एरवी जवळचा राउटर चालू आहे म्हणजे इंटरनेट आहे, असं धरायचं.

आमच्यात रीत अशी की यादी दोन आठवडे सगळ्यांपुढे ठेवायची. कोणी काही बोललं नाही तर मंजूर. त्याच पंधरवड्यात दत्तोपंतांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी दोनदा डबा घेऊन गेले, तासतासभर बसले, आणि यादीचा विषय काढला नाही. विसरले नव्हते हो. ते वाद घालतील आणि माझा मुद्दा पडेल, म्हणून काढला नाही. सांगायला लाज वाटते, पण आहे हे असं आहे. मुद्दा मंजूर झाला, मला शाबासकीही मिळाली.

नोव्हेंबरात नवी आवृत्ती बाहेर पडली आणि जिथे तिथे आपोआप बसली. त्याच आठवड्यात दुपारी दत्तोपंतांचा फोन आला. बोर्डाकडून त्यांना रोज बारा वाजता निरोप येई, तो आज आला नव्हता.

"कंपनीवाले म्हणतात, रस्ता खणतांना काल वायर तुटली. पण सिमवर कां गेला नाहीं गे?"

मी विचारलं, "काका, फाइलमध्ये तपासणी लिहिली आहे तुम्ही?"

"ती कशाला लिहूं? आपण होऊन होते ना."

मग मी सांगितलं, सगळंच. डबा घेऊन येऊन गप्प बसले होते तेही.

"म्हणजे दिवा हिरवा आहे," एवढंच म्हणाले.

तिथे कुणाचाच फोन लागेना. आम्ही टॅक्सी केली. वाटेत मी मोबाइलवर पाहिलं, सकाळी सहाचा इशारा: दुपारनंतर उंच लाटा, समुद्रात कोणी जाऊ नये. दत्तोपंतांनी तो वाचायला मागितला आणि अर्धाच वाचून परत दिला. बाहेर वारा असा सुटला होता की टॅक्सीवाल्याने स्वतःहून काचा चढवल्या.

बोर्डवर कालचा मजकूर होता. समुद्र शांत. वर हिरवा दिवा.

बोर्डाखालीच अलमेलू मासे विकायला बसते. आज तिची पाटी रिकामी होती. दत्तोपंतांना बघून ती हात जोडत उठली आणि तमिळमध्ये हसत हसत सांगू लागली, "बरं झालं आलात, अय्या. आज तुमच्या बोर्डवरून आमच्या घरात भांडण! नवरा म्हणतो पाण्याचा रंग बरा दिसत नाही, आज जात नाही. मी म्हटलं, अय्यांचा बोर्ड कधी खोटं बोललाय का? ढकलूनच पाठवला त्याला."

दत्तोपंतांनी माझ्याकडे पाहिलं.

"अक्का," मी विचारलं, "आज किती होड्या गेल्यात?"

"सगळ्या," ती म्हणाली. "हिरवा दिवा असताना घरी कोण बसेल?"